आकृतीत दिसते, मग सिद्ध काय करायचे?

परवा वाटूरला घरी गेलो होतो. नववीत शिकणारा भाचा ओसरीवर भूमितीची वही उघडून बसला होता. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांचे दुभाजक एकाच बिंदूत मिळतात हे सिद्ध करा, असा प्रश्न होता. मुलाने कंपास घेऊन काळजीपूर्वक त्रिकोण काढला होता, तिन्ही कोन दुभागले होते आणि तिन्ही रेषा खरोखरच एका ठिपक्यातून गेल्या होत्या. खाली ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ लिहून ‘सिद्धता’ या शब्दापुढे तो थबकला होता. मला पाहून म्हणाला, “मामा, आकृतीत दिसायलंय की सरळसरळ. मग सिद्ध काय करायचं?”

प्रश्न पोरवयाचा असला तरी पोरकट नाही. आम्हा शिक्षकांकडे त्याची दोन ठरीव उत्तरे असतात. एक, परीक्षेत विचारतात म्हणून. दुसरे अधिक विद्वत्तेचे: आकृतीवर विश्वास ठेवावयाचा नसतो. हे दुसरे उत्तर खरे मानावे, तर मग आकृती काढावयाचीच कशाला? आणि तीच शिक्षक मंडळी आकृती नसेल तर गुण कापतात, हे कसे? आकृती अविश्वसनीयही आहे आणि अनिवार्यही आहे, असे एकाच तासात ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने शेवटी ती पाठ करण्याचा मार्ग पत्करला, तर दोष त्याला का द्यावा? अठरा-वीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना हजारो उत्तरपत्रिका हाताखालून गेल्या. त्यांतल्या आकृत्या सुबक असतात आणि त्यांखालचा मजकूर पुष्कळदा त्या आकृतीच्या विरुद्ध बोलत असतो. म्हणून हा विषय एका भूमितीच्या वहीपुरता नाही.

भाच्याला मी सिद्धता सांगितली ती अशी. कोनाच्या दुभाजकावरचा कोणताही बिंदू त्या कोनाच्या दोन्ही भुजांपासून सारख्याच अंतरावर असतो. आता पहिले दोन दुभाजक जेथे मिळतात तो बिंदू घ्या. पहिल्या कोनामुळे तो दोन बाजूंपासून सारखा दूर. दुसऱ्या कोनामुळे तिसऱ्या बाजूपासूनही तितकाच दूर. मग तिसऱ्या कोनाच्या दुभाजकावर तो असल्यावाचून गत्यंतर नाही. एवढे झाल्यावर मी त्याला विचारले, “यात तुझ्या आकृतीतलं काय काय वापरलं?” बाजूंची लांबी वापरली नाही, कोनांची मापे वापरली नाहीत, पेन्सिलीची जाडी तर नाहीच. तेव्हा त्याने काढलेला त्रिकोण गेला आणि कोणताही त्रिकोण आला. मग त्याला एक कोन अतिविशाल असलेला, ताटलीच्या काठासारखा चपटा त्रिकोण काढावयास सांगितले. दोन दुभाजक पायाशी इतके चिकटून गेले की ते कोठे मिळतात हेच डोळ्यांना कळेना. “आता तर दिसंना,” तो म्हणाला. दिसत नव्हते, पण सिद्धतेचा एकही शब्द बदलावा लागला नव्हता.

माझे म्हणणे एवढेच आहे. आकृती हे तर्काचे खरेखुरे साधन आहे, ती सजावट नव्हे; मात्र आपण तिच्याकडून काय घेतले याचा हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब देणे हीच सिद्धता. तो हिशेब शिकविण्याचे आपल्या शाळा-महाविद्यालयांनी सोडून दिले आहे.

ज्या दोन शब्दांखाली तो मुलगा थबकला ते शब्द आपल्या न्यायशास्त्रातून आलेले आहेत, हे किती शिक्षक वर्गात सांगतात? न्यायशास्त्रात पक्ष म्हणजे ज्याविषयी काही सिद्ध करावयाचे ते, उदाहरणार्थ धूर दिसणारा डोंगर, आणि साध्य म्हणजे तेथला अग्नी. भूमितीच्या पुस्तकात ‘पक्ष’ या शब्दाचा अर्थ थोडा सरकून ‘दिलेली माहिती’ असा झाला आहे, ते असो. नैयायिकांच्या पाच अवयवांत प्रतिज्ञा आणि हेतू यांच्यानंतर उदाहरण येते: जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. या स्वयंपाकघरावर परकीय टीकाकारांनी पुष्कळ नाके मुरडली. तर्कात उदाहरण कशाला, तर्क सर्वसाधारण असावा, असा त्यांचा आक्षेप. परंतु स्वयंपाकघर तेथे एक घर म्हणून येत नाही. धूर आणि अग्नी यांचा अव्यभिचारी संबंध डोळ्यांसमोर उभा करण्यासाठी येते. त्या घरात भांडी आहेत, पाटावरवंटा आहे, त्यांचा संबंध नाही. भूमितीतील आकृती ही अशीच पाकशाळा होय. तिच्यात अनावश्यक भांडी असणारच. कोणती भांडी अनावश्यक हे ओळखता आले, की तो दृष्टांत सर्वांचा होतो.

आपल्याकडे एक कथा आवडीने सांगतात. भास्कराचार्यांनी म्हणे काटकोन त्रिकोणाच्या प्रमेयाची आकृती काढली आणि खाली एकच शब्द लिहिला: पाहा! कथा रम्य आहे, पण आचार्यांवर अन्याय करणारी आहे. आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात त्यांनी भुज १५ आणि कोटी २० असलेल्या त्रिकोणाचा कर्ण विचारला आहे. आणि हे गणित तर रूढच आहे, त्याची उपपत्ती सांगा, अशीही मागणी तेथेच केली आहे. असे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून मांडले, की एक मोठा चौरस तयार होतो आणि मध्ये २० वजा १५, म्हणजे ५ बाजूचा लहान चौरस उरतो. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, चारांचे ६००, मधला चौरस २५. एकूण ६२५, म्हणून कर्ण २५. आता १५ आणि २० विसरून जा. दोन राशींच्या गुणाकाराची दुप्पट आणि त्यांच्या अंतराचा वर्ग मिळून त्यांच्या वर्गांची बेरीज होते, एवढेच उरते. आणि तेवढ्याने प्रमेय सर्व काटकोन त्रिकोणांना लागू होते. यात पाहणे आहेच, पण पाहून गप्प बसणे नाही.

याच ग्रंथात अन्यत्र आचार्यांनी उपपत्ती दोन प्रकारची सांगितली आहे: क्षेत्रगत, म्हणजे आकृतीची, आणि राशिगत, म्हणजे संख्यांची. ज्यांना क्षेत्रगत उपपत्ती उमगत नाही त्यांना राशिगत दाखवावी, असे ते म्हणतात. हा क्रम नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. आज आपण नेमके उलटे करतो. हुशारांना सूत्र, मठ्ठांना चित्र, अशी आपली समजूत. पहिलीच्या पुस्तकात पानभर चित्रे, आणि इयत्ता वाढेल तशी ती कमी होत जाणे म्हणजे विद्या वाढणे! भास्कराचार्यांच्या लेखी आकृती वाचणे हे स्वतंत्र बौद्धिक कर्म होते आणि ते सर्वांना साधेल असे त्यांनी गृहीत धरले नव्हते.

ही परंपरा आपल्यापासून दूर नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. तो काळ १२०७ चा. पण मराठवाड्यातील वाचकाने खानदेशापर्यंतही जावयास नको. वाटूरहून परतूर ओलांडून दक्षिणेकडे गोदावरीच्या खोऱ्यात उतरले की पाथरी लागते. जुन्या ग्रंथांतील पार्थपूर ते हेच, असे अभ्यासक मानतात. तेथील ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास याने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ आणि १५४१ मध्ये ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ अशा टीका लिहिल्या. सरळ वाचल्यास रामाची आणि उलट वाचल्यास कृष्णाची कथा सांगणारे काव्य रचणारा कवी तो हाच. पुढे चारच वर्षांनी, १५४५ मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत जागोजाग उपपत्ती दिल्या. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत प्रसिद्ध करून या घराण्यांची नोंद करून ठेवली. आमच्या पदवीधरांपैकी किती जणांनी तो ग्रंथ हाती धरला असेल, याचा अंदाज न केलेला बरा.

या टीकाकारांत कृष्ण दैवज्ञ मला विशेष वाटतात. घराणे मूळचे विदर्भातले, पुढे काशीस गेलेले. १६०० च्या सुमारास ‘बीजगणिता’वर टीका लिहिताना त्यांनी प्रश्न केला की, चार उदाहरणांत पडताळा आला म्हणून नियम खरा कसा मानावा? आणि त्यांनी एक खोटा नियम पुढे ठेवला: दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट म्हणजे त्यांच्या बेरजेचा वर्ग. २ आणि २ घ्या. गुणाकार ४, चौपट १६; बेरीज ४, वर्ग १६. जुळले! ३ आणि ३ घ्या. ३६ आणि ३६. पुन्हा जुळले! २ आणि ३ घेताच मात्र एकीकडे २४ आणि दुसरीकडे २५. केवळ सारख्या संख्या घेत राहणाऱ्याला हा नियम आयुष्यभर खरा वाटत राहील. आमचे विद्यार्थी त्रिकोण म्हटला की समभुजासारखा, चौकोन म्हटला की चौरसासारखा काढतात. ती चूक २ आणि २ घेण्याच्या चुकीहून निराळी नाही.

डोळे किती फसवितात हे पाहावयाचे असल्यास चौकटीच्या कागदावर ८ बाजूचा चौरस काढा. चौकटी ६४. त्याचे ८ गुणिले ३ आणि ८ गुणिले ५ असे दोन तुकडे करा. पहिला कर्णावर कापून दोन काटकोन त्रिकोण मिळतील. दुसरा तिरका असा कापा की दोन सारखे समलंब चौकोन व्हावेत, समांतर बाजू ५ आणि ३. हे चार तुकडे फिरवून मांडले, की ५ गुणिले १३ चा आयत तयार होतो. चौकटी ६५! जमिनीच्या मोजणीत अशी चौकट वाढती, तर आमच्याकडचे बांधावरचे कितीतरी दावे मिटले असते. खोट अशी आहे: त्रिकोणाच्या तिरक्या बाजूचा उतार आठास तीन आणि समलंब चौकोनाचा पाचास दोन. दोन्ही इतके जवळ की डोळा त्यांना एकच रेषा समजतो. वस्तुतः आयताच्या कर्णावर एक लांबट, अतिशय अरुंद फट राहते, आणि तिचे क्षेत्रफळ बरोबर एक चौकट. आकृतीने फसविले म्हणतो आपण; खरे पाहता तुकड्यांच्या कडा एका सरळ रेषेत येतात हे आपण परस्पर गृहीत धरले आणि त्याची नोंद केली नाही.

असल्या फसवणुकींना कंटाळून युरोपातील गणितज्ञांनी एकेकाळी आकृतीला हद्दपार केले. लाग्रांज यांनी १७८८ च्या आपल्या यंत्रशास्त्राच्या ग्रंथात एकही आकृती नसल्याचे अभिमानाने सांगितले. युक्लिडच्या अगदी पहिल्याच रचनेत दोन वर्तुळे एकमेकांस छेदतात हे केवळ आकृतीवरून घेतले आहे, कोणत्याही गृहीतकावरून नव्हे, अशीही टीका झाली. १८८२ मध्ये पाश आणि १८९९ मध्ये हिल्बर्ट यांनी असली गृहीते उघडपणे मांडली. वर मी भाच्याला सांगितलेल्या सिद्धतेतही चाणाक्ष वाचकाला अशी एक उधारी सापडेल: पहिले दोन दुभाजक त्रिकोणाच्या आतच मिळतात, हे मी आकृतीवरूनच उचलले आहे. उधारी घेणे पाप नाही. ती वहीत लिहावी लागते.

तर्कशास्त्रात हा हिशेब अधिक सोपा दिसतो. सर्व शिक्षक पदवीधर आहेत. काही पदवीधर कवी आहेत. म्हणून काही शिक्षक कवी आहेत. बरोबर? ऑयलर यांनी १७६० नंतर एका राजकन्येस लिहिलेल्या पत्रांत अशा विधानांसाठी वर्तुळे वापरली. पदवीधरांच्या मोठ्या वर्तुळात शिक्षकांचे लहान वर्तुळ काढले. आता कवींचे वर्तुळ कोठे काढावयाचे? शिक्षकांना छेदून काढले तर निष्कर्ष खरा दिसतो, बाजूला काढले तर खोटा. कागद निर्णय मागतो आणि आपल्याला तर माहीत नसते. व्हेन यांनी १८८० मध्ये सुचविलेली युक्ती अशी की, आधी सर्व शक्य विभाग काढून ठेवावेत, जो निश्चित रिकामा तो रेखांकित करावा आणि बाकीचे कोरे सोडावेत. आपल्या अज्ञानालाही आकृतीत जागा मिळाली! १९९४ मध्ये सुन-जू शिन यांनी नीट नियम घालून दिल्यास अशा आकृत्याच पूर्ण तर्कपद्धती होऊ शकतात हे दाखविले. आकृती ही सिद्धतेची केवळ दासी आहे, हा समज त्यानंतर तरी टिकावयास नको होता.

आता माझ्या विषयाकडे येतो, कारण तेथे या हिशेबाचा संबंध पोटाशी आहे. मागणी आणि पुरवठा यांचे छेदणारे दोन वक्र न काढता अर्थशास्त्राची पदवी मिळत नाही. मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात आकृत्या तळटीपांत ठेवल्या आणि मुख्य विवेचन त्यांवर अवलंबून नाही, त्या वगळल्या तरी चालेल, असे बजावले. आम्ही तळटीप वर आणली आणि विवेचन वगळले. शेतमालाचा भाव यंदा पडला की पुढच्या वर्षी लागवड घटते, लागवड घटली की भाव चढतो, चढला की पुन्हा लागवड वाढते. लासलगावच्या कांद्याचे हे रडगाणे सर्वांच्या परिचयाचे आहे. याची जी आकृती असते तिला कोळ्याच्या जाळ्याची उपमा मिळाली. हे नाव काल्डोर यांनी १९३४ मध्ये दिले. एकदा मी हीच आकृती लागोपाठ दोन तुकड्यांना शिकविली. दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीने मागच्या बाकावरून विचारले, “सर, अ तुकडीच्या वहीत जाळं आत आत चाललंय, आमच्या वहीत बाहेर चाललंय. खरं कोणतं?”

मला चटकन उत्तर देता आले नाही. नंतर ध्यानात आले, की पहिल्या तासाला माझ्या खडूने पुरवठ्याची रेषा मागणीच्या रेषेपेक्षा अधिक उभी काढली होती, म्हणून जाळे मध्याकडे गेले, भाव स्थिर झाला आणि शेतकरी सुखी झाला. दुसऱ्या तासाला हात घाईत होता. मागणीची रेषा अधिक उभी निघाली, जाळे पसरत गेले आणि शेतकरी बुडाला. खडूच्या उतारावर माणसाचे भवितव्य ठरले! तो उतार म्हणजे लवचिकता, आणि लवचिकता फळ्यावर ठरत नाही, बाजारात मोजावी लागते. भाव दुप्पट झाला म्हणून घरोघरी कांदा निम्मा होत नाही, आणि मागच्या हंगामाचा भाव पाहून शेतकरी मात्र लागवड झपाट्याने बदलतो, असे असेल तर जाळे बाहेर जाण्याचीच भीती अधिक. साठवणूक, निर्यातबंदी, अवकाळी पाऊस यांना तर या आकृतीत रेषाच नाही. बाजार आपोआप समतोल साधतो, असे ठासून सांगणारे कितीतरी पदवीधर त्या पहिल्या तासाच्या वहीतून बाहेर पडले असतील, आणि त्यांतले काही माझेच आहेत.

कचेरीतल्या वाचकालाही हा अनुभव असेल. अहवालातला स्तंभालेख शून्याऐवजी ९० पासून सुरू केला, की ९२ वरून ९६ झालेली वाढ डोळ्यांना तिप्पट दिसते. प्रत्यक्षात ती साडेचार टक्केही नसते. आकडे खरे, स्तंभ सरळ, सही साहेबांची.

मग करावयाचे काय? अभ्यासक्रम बदलण्याची आवश्यकता नाही, नवे पुस्तकही नको. प्रश्नपत्रिकेत आकृतीसाठी जो एखादा गुण राखलेला असतो तो सुबकपणाला देणे बंद करावे आणि त्याऐवजी एक ओळ विचारावी: या सिद्धतेत आकृतीतील कोणती गोष्ट वापरली आणि कोणती वापरली नाही? कधी याच्या उलट विचारावे: हे विधान खोटे ठरेल अशी आकृती काढण्याचा प्रयत्न करा आणि प्रयत्न कोठे अडतो ते लिहा. अर्थशास्त्रात विचारावे, की दोन रेषांचे उतार बदलले तर निष्कर्ष टिकतो काय. आमच्या शालेय भूमितीत ‘कच्ची आकृती’ नावाची एक फार चांगली चाल आहे. रचना करण्यापूर्वी मुलाने हाताने एक वेडीवाकडी आकृती काढून तिच्यावर विचार करावयाचा. वास्तविक विचार तेथेच होतो. आणि आपण मुलांना ती खोडून टाकावयास सांगतो, कारण वही खराब दिसते.

यावर दोन आक्षेप येतील. तपासणाऱ्याला वेळ लागेल, हा पहिला; तो खरा आहे, आणि उन्हाळ्यात दोनशे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर ठेवून मीही तो घेतला असता. या ओळीची उत्तरेही मार्गदर्शकांत छापून येतील, हा दुसरा. येतील, पण ती पुस्तकातल्या आकृतीची येतील. परीक्षकाने त्या दिवशी प्रश्नपत्रिकेत एक चपटा, ओबडधोबड त्रिकोण द्यावा आणि पेन्सिलीला टोक नसलेल्या मुलालाही पूर्ण गुण मिळण्याची सोय ठेवावी.